गृहस्थाचा जमाखर्च : विजेची मोटार आणि मावळची चढण

विजेवर चालणारी मोटार घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न आतां केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतला राहिलेला नाहीं. पांच-सात वर्षांपूर्वीं अशी गाडी रस्त्यानें गेली तर मुलें थांबून पाहत असत. आज तळेगांव, वडगांव, कामशेत, लोणावळें या पट्ट्यांत हिरव्या पाटीची गाडी दिसणें ही नवलाची गोष्ट उरलेली नाहीं. ज्या कुटुंबांत गाडी ही चैन नसून सोय आहे, ज्यांच्या घरीं महिन्याचा हिशेब अद्याप वहींत लिहिला जातो, अशा मध्यम स्थितींतील कुटुंबांसही हा प्रश्न पडूं लागला आहे. म्हणून या महिन्यांत आम्हीं हाच विषय या सदरासाठीं घेतला आहे.

निमित्त झालें तें तळेगांव येथील एका निवृत्त शिक्षकांच्या पत्राचें. त्यांच्या पेट्रोलच्या गाडीच्या नोंदणीचीं पंधरा वर्षें पुरीं होत आलीं आहेत. चिरंजीव म्हणतात, विजेची घ्या. पेट्रोलचा खर्च वांचेल. घरांतील मंडळींनीं मात्र एकच प्रश्न विचारला, "आठ वर्षांनीं बॅटरी गेली, तर तेव्हां पैसे कोठून आणायचे?" निवृत्तिवेतनावर संसार करणाऱ्या घरांत भविष्यनिर्वाह निधीचा पैसा एकदां बाहेर पडला कीं परत येत नाहीं. आम्हांस त्या माउलीचा प्रश्न चिरंजीवांच्या उत्साहाहून अधिक मोलाचा वाटतो. आजचें सर्व विवेचन त्याच प्रश्नाच्या अनुरोधानें केलें आहे.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. वीज ही मावळास परकी नाहीं. टाटा कंपनीनें वळवण, लोणावळें व शिरवतें येथें पाणी अडवून तें घाटाखालीं खोपोलीस सोडलें आणि १९१५ सालीं तेथून मुंबईच्या गिरण्यांस वीज जाऊं लागली. पुढें आंद्रा नदीच्या खोऱ्यांत ठोकरवाडीचें धरण झालें. शेजारच्या मुळशींत धरण होऊं लागलें तेव्हां सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं तेथील शेतकऱ्यांनीं १९२१ पासून सत्याग्रह केला, हें सर्वांस ठाऊकच आहे. मावळच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या आणि दिवे मुंबईस लागले. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच. याच घाटांतून १९३० च्या सुमारास विजेची आगगाडी धांवूं लागली. त्या काळच्या मालगाड्यांच्या अवजड एंजिनांत अशी योजना होती कीं, गाडी घाट उतरूं लागली म्हणजे तिचीं चाकें उलट वीज निर्माण करीत आणि ती वरच्या तारेंत परत जाई. आजच्या विजेच्या मोटारींत जी "रीजनरेशन"ची करामत मोठ्या कौतुकानें सांगितली जाते, तिचा प्रयोग बोरघाटानें आपल्या आजोबांच्या काळींच पाहिलेला आहे.

विजेची मोटारही वस्तुतः नवी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेंत ती पेट्रोलच्या गाडीची बरोबरी करीत होती. परंतु बॅटरी जड, पल्ला थोडा, आणि तशांत १९१२ सालीं पेट्रोलच्या गाडीस हँडल न मारतां सुरू होण्याची सोय झाली, त्यामुळें ती मागें पडली. आपल्या देशांत २००१ सालीं बंगळूरच्या "रेवा" गाडीनें हा प्रयोग पुन्हा केला. तिच्यांत शिशाच्या बॅटऱ्या होत्या व एका भरणींत ती सुमारें ८० किलोमीटर जाई. पुढें बॅटरींत लिथियम आलें आणि पारडें फिरलें. या शोधाबद्दल २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस मिळालें. आपल्याकडील बऱ्याच स्वस्त गाड्यांत जी "लोह-फॉस्फेट" प्रकारची बॅटरी असते, तिचा शोध गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेंत लागला आणि त्या कामांत पाढी व नंजुंडस्वामी हे दोन भारतीय संशोधक होते, ही गोष्ट आपल्या मुलांस सांगण्याजोगी आहे.

आतां किंमतींकडे वळूं. टाटांची नेक्सॉन ही गाडी विजेच्या रूपांत जानेवारी २०२० मध्यें बाजारांत आली; ती आपल्याच जिल्ह्यांत रांजणगांव येथें तयार होते. तिची किंमत तेव्हां १३.९९ लाख रुपयांपासून पुढें होती. सप्टेंबर २०२२ मध्यें टियागो आली ती ८.४९ लाखांपासून. एप्रिल २०२३ मध्यें एम्. जी. कंपनीची कॉमेट ही दोन दारांची चिमुकली गाडी ७.९८ लाखांपासून आली, आणि पुढल्याच वर्षीं तिची आरंभींची किंमत ६.९९ लाखांवर उतरली. जानेवारी २०२४ मध्यें पंच १०.९९ लाखांपासून विकावयास निघाली. या सर्व किंमती दुकानांतील आहेत. विमा व इतर खर्च निराळा. किंमती दर सहा महिन्यांनीं बदलतात, म्हणून हे आंकडे केवळ अंदाजासाठीं ध्यानांत ठेवावे. खरेदीच्या दिवशीं दुकानांत लेखी भाव मागून घ्यावा. यावरून एवढें मात्र दिसतें कीं, स्वस्त विजेची गाडी म्हणजे साधारणतः सात ते अकरा लाखांची गाडी होय, आणि तेवढ्याच आकाराची पेट्रोलची गाडी तिच्याहून दोन-तीन लाखांनीं स्वस्त मिळते.

बॅटरीचें माप युनिटांत करितात. विजेच्या बिलांत जें युनिट असतें तेंच हें युनिट. टियागोची बॅटरी १९.२ किंवा २४ युनिटांची, कॉमेटची १७.३ युनिटांची, पंचची २५ किंवा ३५ युनिटांची. गृहिणींस समजेल अशा भाषेंत सांगावयाचें तर बॅटरी म्हणजे घरावरची टांकी. नळ किती सोडाल त्यावर ती किती वेळ पुरेल हें ठरतें. आतां कंपन्यांच्या जाहिरातींत पल्ल्याचे जे आंकडे असतात, टियागोच्या मोठ्या बॅटरीस ३१५, कॉमेटला २३०, पंचला ४२१, ते प्रयोगशाळेंत रुळांवर गाडी फिरवून ठराविक पद्धतीनें काढलेले असतात. तेथें चढण नाहीं, वारा नाहीं, मागच्या आसनावर आजी व भाजीच्या पिशव्या नाहींत. व्यवहारांत या आंकड्यांचा सुमारें दोन-तृतीयांश भाग धरून चालावें. शांतपणें चालविल्यास लहान गाडी एका युनिटांत आठ किलोमीटर जाते असें आम्ही या हिशेबासाठीं धरितों. २४ युनिटांत म्हणजे १९० किलोमीटरांच्या आसपास. द्रुतगति महामार्गावर ताशीं १०० चा वेग धरला तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो आणि तोच हिशेब युनिटास सात किंवा त्याहून कमी किलोमीटरांवर येतो.

तळेगांवाहून पुण्यास जाणें-येणें मिळून सत्तरेक किलोमीटर आणि लोणावळ्याहून सुमारें एकशें तीस. पुणें व लोणावळें यांच्या उंचींत फारसा फरक नाहीं, त्यामुळें या बाजूनें कोणतीही लहान गाडी निर्धास्त चालते. प्रश्न येतो तो घाटाचा. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारें ५६० मीटरांची चढण आहे. गाडी व चार माणसें मिळून १,४५० किलोग्रॅम वजन धरल्यास तें एवढ्या उंचीवर नेण्यास २.२ युनिटें लागतात. मोटरमधील झीज धरून अडीचच्या वर. म्हणजे केवळ चढणीपायीं सपाटीवरील वीस किलोमीटरांची वीज खर्च होते. दादरहून नव्वद किलोमीटर आणि वर चढणीचे हे वीस, असा एकशें दहा किलोमीटरांचा खर्च मांडला, तर २४ युनिटांच्या गाडीची दोन-तृतीयांश बॅटरी लोणावळ्यास पोंचेपर्यंत संपते, १७.३ युनिटांच्या गाडीची जवळजवळ सगळीच. तेव्हां ज्यांचें मुंबईस जाणें-येणें आहे त्यांनीं अगदीं लहान बॅटरीच्या मोहांत पडूं नये. ती गाडी गांवांतल्या गांवांत फिरण्यासाठीं उत्तम, घाटासाठीं नव्हे.

उतरतांना मात्र निसर्ग कांहीं परत देतो. गाडी उताराला लागली कीं मोटरच विद्युज्जनित्र होते, ब्रेक झिजत नाहींत आणि चढणींत गेलेल्या विजेचा कांहीं अंश बॅटरींत परत येतो. परंतु येथें एक बारकावा आहे, तो विक्रेते सहसा सांगत नाहींत. लोणावळ्यास बॅटरी काठोकाठ भरून घाट उतरूं लागलें, तर परत येणारी वीज ठेवावयास जागाच नसते. गाडीचा हा आपोआप होणारा रोध कमी पडतो आणि सारा भार नेहमींच्या ब्रेकांवर येतो. म्हणून मुंबईकडे निघतांना बॅटरी नव्वद टक्क्यांपर्यंतच भरावी. वीजही वांचते आणि ब्रेकही थंड राहतात.

आतां मुख्य जमाखर्च. २०२५ सालीं पुण्यांत पेट्रोल लिटरला सुमारें १०४ रुपये होतें. लहान पेट्रोलची गाडी लिटरला १६ किलोमीटर जाते असें धरिलें तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. विजेचा दर घराघरांत निराळा. आपल्या घरचा खप शंभर युनिटांच्या वर गेला कीं दर चढतो, तीनशेंच्या वर आणखी चढतो, आणि गाडीचीं युनिटें नेहमीं वरच्या पायरीवर पडतात. हें ध्यानांत घेऊन आम्ही सर्व आकारांसह युनिटास १२ रुपये धरितों. भरतांना थोडी वीज वायां जाते, म्हणून मीटरवरच्या एका युनिटांत आठ नव्हे तर सात किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला एक रुपया सत्तर पैसे. दर किलोमीटरमागें बचत चार रुपये ऐंशी पैसे. रस्त्यावरील शीघ्र-चार्जरवर युनिटास वीस-बावीस रुपये मोजावे लागले तर हीच बचत साडेतीन रुपयांच्या आसपास येते. ज्यास घरीं भरण्याची सोय नाहीं त्यानें हा दुसरा आंकडा आपला समजावा.

समजा, पेट्रोलची गाडी साडेसहा लाखांची आहे. तिच्यावर आपल्या राज्यांत अकरा टक्के मोटार-कर, म्हणजे ७१,५०० रुपये; एकूण ७,२१,५००. विजेची गाडी साडेनऊ लाखांची. तिला हा कर माफ. फरक उरला २,२८,५०० रुपयांचा. किलोमीटरला ४.८० रुपये वांचले तर हा फरक भरून येण्यास सुमारें ४७,६०० किलोमीटर गाडी चालली पाहिजे. महिन्यास ५०० किलोमीटर चालविणाऱ्यास त्याला आठ वर्षें लागतील. महिन्यास १,२५० चालविणाऱ्यास सव्वातीन.

पण आपल्या वाचकांपैकीं जे बँकेच्या मुदतठेवींवर दिवस काढितात ते लगेच विचारतील कीं, त्या सव्वादोन लाखांवरील व्याजाचें काय? शंका अगदीं रास्त आहे. सात टक्के व्याज धरिलें, तर वर्षाचे १६,००० रुपये केवळ व्याजाचे बुडतात. महिन्यास ५०० किलोमीटर चालविणाऱ्याची वर्षाची बचत २८,८०० रुपये. तींतून व्याज वजा करीत गेल्यास मुद्दल फिटण्यास आठ नव्हे, बारा वर्षें लागतात. उलट महिन्यास १,२५० किलोमीटर चालविणाऱ्याचें चार वर्षांच्या आंत फिटतें. एंजिन-तेल, क्लच, धुराची तपासणी यांचा खर्च विजेच्या गाडीस नाहीं, हें खरें. उलट किंमत मोठी म्हणून विम्याचा हप्ता थोडा जास्त. हीं दोन्हीं पारडीं आम्ही तूर्त सारखीं धरितों. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्यें लहान पेट्रोल-गाड्यांवरील जी. एस्. टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर तो २०१९ पासूनच ५ टक्के आहे. म्हणजे दोहोंतील अंतर पूर्वींपेक्षां वाढलेंच आहे. जुने लेख वाचून हिशेब करणाऱ्यांनीं हें विसरूं नये. दुसऱ्या बाजूस, राज्याच्या २०२५ च्या धोरणांत मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर विजेच्या मोटारींस टोलमाफी जाहीर झाली. २०२३ पासून एका खेपेचा टोल ३२० रुपये आहे. महिन्यांतून दोनदां मुंबईस जाऊन येणाऱ्या कुटुंबाची त्यांत वर्षास पंधरा हजारांची बचत होते. ही रक्कम लहान नव्हे.

आतां त्या माउलीचा प्रश्न : बॅटरी किती टिकते? बॅटरी दोन कारणांनीं झिजते. एक, वापरानें, दुसरें, वयानें. पूर्ण भरणें व पूर्ण रितें करणें याला एक फेरा म्हणतात. चांगली लोह-फॉस्फेट बॅटरी असे दोन हजार व त्याहून अधिक फेरे सहन करिते. महिन्यास १,२५० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे वर्षांत ७८ फेरे होतात, आणि ५०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे अवघे ३१. वापराच्या दृष्टीनें पाहिलें तर दोघांचीही बॅटरी गाडीहून अधिक जगावी. परंतु बॅटरींतील रासायनिक द्रव्यें गाडी उभी असतांही हळूहळू बदलत असतात. उष्णतेनें आणि काठोकाठ भरून ठेवल्यानें हा बदल वेग घेतो. पहिल्या एक-दोन वर्षांत शक्ति थोडी झपाट्यानें कमी होते आणि मग ती मंद गतीनें उतरत राहते. यावरून एक विचित्र परंतु महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जो गाडी फार वापरतो त्याची बॅटरी कामानें झिजते व झिजतांना पैसे मिळवून देते; जो थोडी वापरतो त्याची बॅटरी बसून बसून म्हातारी होते. माणसांच्या बाबतींतही याहून निराळें काय घडतें?

कंपन्या बहुधा आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं होईल तेथपर्यंत बॅटरीची हमी देतात. वर्षास सहा हजार चालविणाऱ्याचे आठ वर्षांत अठ्ठेचाळीस हजारच होतात. म्हणजे हमींतील दोन-तृतीयांशाहून अधिक किलोमीटर तो न वापरतांच सोडून देतो. हमीपत्रांत तीन गोष्टी डोळ्यांखालून घालाव्या. शक्ति किती टक्क्यांखालीं गेल्यास बॅटरी बदलून मिळेल, हें तेथें लिहिलेलें आहे काय? सामान्यतः ही मर्यादा ७० टक्के असते. पाण्यानें झालेली हानि हमींत येते काय? आणि गाडी विकल्यास हमी नव्या मालकाकडे पूर्ण जाते काय? २०२५ सालीं कांहीं मोठ्या बॅटरीच्या गाड्यांस "आजन्म हमी" जाहीर झाली. परंतु टाटांच्या हमीपत्रांत आजन्म याचा अर्थ नोंदणीपासून १५ वर्षें आणि तीही पहिल्या मालकापुरती, असा आहे. शब्दाचा अर्थ कोशांत न पाहतां करारांत पहावा.

हमी संपल्यावर बॅटरी गेलीच, तर काय? २०२४ सालीं जगांत बॅटरीचा सरासरी भाव युनिटामागें ११५ डॉलर होता. २४ युनिटांचे सुमारें सव्वादोन लाख रुपयांहून अधिक होतात. सुट्या लिथियम बॅटरीवर जी. एस्. टी. १८ टक्के, त्यावर विक्रेत्याचा नफा व बसविण्याची मजुरी. तीन लाखांच्या खालीं हें काम होईल असें समजूं नये. आठ-दहा वर्षांच्या जुन्या गाडीस एवढा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मात्र दोन गोष्टी धीर देणाऱ्या आहेत. पहिली, बॅटरी एकाएकीं मरत नाहीं. १९० किलोमीटरांच्या ठिकाणीं १४० जाऊं लागते, आणि तळेगांव-पुणें फेरीस तेवढें पुष्कळ झालें. दुसरी, सगळी बॅटरी न बदलतां तिच्यांतील बिघडलेला कप्पाच बदलतां येतो, अशी रचना पुष्कळ गाड्यांत असते. ती आपल्या गाडींत आहे कीं नाहीं हें आधींच विचारून घ्यावें.

सप्टेंबर २०२४ पासून बॅटरी भाड्यानें घेण्याची एक नवी पद्धत निघाली आहे. तेव्हां कॉमेट गाडी बॅटरीशिवाय ४.९९ लाखांस आणि बॅटरीचें भाडें किलोमीटरला अडीच रुपये, असा भाव लागला. फरक दोन लाखांचा; म्हणजे ८०,००० किलोमीटरांपर्यंत भाडें स्वस्त, पुढें महाग. वर्षास सहा हजार चालविणाऱ्यास १५,००० रुपये भाडें पडेल, आणि दोन लाखांचें सात टक्क्यांनीं व्याजच १४,००० होतें. म्हणजे थोड्या वापराच्या कुटुंबास ही पद्धत वरकरणीं फार सोयीची दिसते. परंतु किमान भाड्याची अट वाचावी. महिन्यास गाडी चालो वा न चालो, हजार किलोमीटरांचें भाडें दिलेंच पाहिजे असें करारांत असेल, तर वर्षाचे तीस हजार होतील आणि सगळा हिशेब उलटेल.

बॅटरी भरण्याविषयीं थोडें. ज्यांचें स्वतःचें घर व आंगण आहे त्यांनीं १५ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, जाड तार आणि उत्तम अर्थिंग एवढें जाणत्या वायरमनकडून करून घ्यावें. रात्रभरांत लहान गाडी भरते. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी भरणें म्हणजे आगीस आमंत्रण. सोसायटींत राहणाऱ्यांनीं गाडी घेण्यापूर्वीं सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. गाडी दारांत आल्यावर सुरू झालेलें भांडण पेट्रोलहून महाग पडतें. लोणावळ्यास वर्षांत चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बॅटरीची पेटी एक मीटर पाण्यांत अर्धा तास टिकेल अशा प्रमाणाची असली तरी, तो प्रयोग ओढ्याच्या पुरांत करून पाहूं नये. पावसाळ्यांत नाणे, अंदर आणि पवन मावळांत वीज तासन् तास जाते. म्हणून त्या चार महिन्यांत गाडी निम्म्याखालीं कधीं उतरूं देऊं नये. रात्रीं अपरात्रीं वडीलधाऱ्यांस इस्पितळांत न्यावयाचें झालें आणि गाडी रिती असली, तर वांचलेल्या रुपयांचें समाधान कांहीं कामाचें नाहीं. उलट ज्यांचा लोणावळ्याचा बंगला व गाडी महिनोन् महिने बंद असते त्यांनीं बॅटरी निम्मी ठेवून जावें.

विजेची गाडी म्हणजे शुद्ध हवा, असें म्हणणेंही जपून म्हटलें पाहिजे. गाडीमागें धूर नाहीं, हें खरें, आणि गर्दीच्या रस्त्यावर तें मोठें सुख आहे. परंतु महाराष्ट्रांतील वीज अद्याप मोठ्या प्रमाणांत चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणीं कोळसा जाळूनच होते. धूर नाहींसा झाला नसून घरापासून दूर गेला आहे. पेट्रोलच्या तुलनेंत एकूण धूर कमी होतो हें मान्य. पण गाडी कमी चालविली तर तो सर्वांत कमी होतो. पुणें-लोणावळें लोकल अजून धांवते आहे, आणि ती विजेवरच धांवते.

आतां निर्णय. तळेगांवांत राहून चाकण किंवा हिंजवडीस नोकरीसाठीं रोज जाणारें, स्वतःचें आंगण असलेलें कुटुंब असेल, तर त्यानें विजेची गाडी खुशाल घ्यावी. चार वर्षांत फरक फिटेल व पुढची चार वर्षें हमींतच नफ्याचीं जातील. मुंबईस राहून लोणावळ्यास वरचेवर येणाऱ्यांनीं घ्यावी, परंतु २४ युनिटांहून कमी बॅटरीची नको. आणि आमच्या पत्रलेखकांसारख्या, महिन्यास चार-पांचशें किलोमीटर जाणाऱ्या निवृत्त गृहस्थानें आज आपल्या ठेवींस हात लावूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. जुन्या गाडीची तपासणी होऊन नोंदणी वाढत असेल तर ती वाढवून घ्यावी; नसेल तर लहान पेट्रोलची गाडी किंवा चांगली वापरलेली गाडी पहावी. घरांतील मंडळींची भीति अनाठायीं नव्हती. बॅटरी आठ वर्षांनीं मरेल म्हणून नव्हे, तर त्या आठ वर्षांत ती आपली किंमत फेडणार नाहीं म्हणून. लोकांच्या पैशाच्या एकेका पैशांतून १९०८ सालीं पैसा-फंडाचा काच-कारखाना ज्या तळेगांवांत उभा राहिला, तेथील गृहस्थास पैशाचें मोल आम्हीं शिकवावें असें नाहीं.

आपले आंकडे आमच्या आंकड्यांहून निराळे असतील. म्हणून वाचकांनीं आपल्या वहींत चार ओळी मांडाव्या : महिन्यास किती किलोमीटर, घरीं भरण्याची सोय आहे किंवा नाहीं, दोन गाड्यांच्या रस्त्यावर येईपर्यंतच्या किंमतींतील फरक, आणि आपल्या ठेवीचें व्याज. या चार ओळी मांडल्यावर विक्रेत्याच्या दुकानांत पाऊल टाकावें, त्यापूर्वीं नव्हे. छपरावर सौर-पत्रे बसवून हीच वीज घरीं उत्पन्न केली, तर हिशेब किती बदलतो, आणि केंद्र सरकारच्या २०२४ च्या योजनेंत तीन किलोवॉटांस जें ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य जाहीर झालें त्याचा मावळच्या ढगाळ आकाशाखालीं कितपत उपयोग होतो, याचा विचार पुढील अंकीं करूं.